'ऊन' हा शब्द कुठून आला? आणि 'उन्हात' म्हणताना मधेच 'ह' का येतो?

तो 'ह' नवा नाही, जुनाच आहे. संस्कृत 'उष्ण'चं प्राकृतात 'उण्ह' झालं आणि त्यातून आपलं 'ऊन'. एकट्या शब्दात ह गळाला, पण उन्हात, उन्हं, उन्हाळा या रूपांत टिकला. उन्हाळा म्हणजे मुळात 'उष्णकाल'.

म्हणजे या शब्दाचा मूळ अर्थ प्रकाश नव्हे, ताप. म्हणूनच 'ऊन ऊन भात' म्हणतो तेव्हा त्यात सूर्याचा काही संबंध नसतो! तिथे ऊन चक्क विशेषण आहे, गरम या अर्थी. 'ऊन लागलं' म्हणजेही उष्म्याचा त्रास झाला.

हिंदीत उन्हाला 'धूप' म्हणतात, आपल्याकडे धूप देवापुढे जाळतात. त्यामुळे नवख्यांचा गोंधळ होतो. 'एकोणीस'मध्ये दडलेला 'ऊन' (वीसला एक कमी) मात्र वेगळा, त्याचा अर्थ कमी. हिंदीत लोकरीला म्हणतात ते ऊन तिसरंच, ते संस्कृत 'ऊर्णा'वरून आलं.

बाकी छपरातून येणारा तो कवडसा, फटीतून येते ती तिरीप. आणि 'माझे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत' हे ज्याने ऐकलं नाही, त्याला आजोबाच नसावेत.