सप्टेंबरचा आलेख बघ

प्रिय,

'ओझोनचं छिद्र तर बुजत आलं, मग या विषयात आता करण्यासारखं उरलंय काय?' असं तू विचारलंस. विषय खुशाल बदल, पण या कारणासाठी नको.

२०२२च्या आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार, आजची धोरणं टिकली तर ओझोन १९८०च्या पातळीवर यायला अंटार्क्टिकावर साधारण २०६६ साल उजाडेल. इतर बहुतेक जगात २०४०. ओझोन नष्ट करणारे सीएफसी (क्लोरीन असलेले मानवनिर्मित वायू) बनवणं जवळजवळ थांबलं, पण आधी सोडलेला वायू कुठे जातो? सीएफसी-१२ तर शंभरेक वर्षं हवेत राहतो.

एखाद्या वर्षी छिद्र लहान झालं की लोक आपलीच पाठ थोपटून घेतात. तू त्या नादी लागू नकोस. २०१९ मध्ये ते फारच लहान होतं, कारण ध्रुवावरची वरच्या थरातली हवा अचानक तापली. सीएफसीतून सुटलेल्या क्लोरीनला ओझोन फस्त करायला आधी अतिथंड ढग लागतात आणि मग ऊन. थंडी कमी, तर नाशही कमी. त्यात माणसाचं कर्तृत्व शून्य. पुढच्याच वर्षी छिद्र मोठं होतं आणि चांगलं रेंगाळलं.

म्हणून सप्टेंबर बघ. ऑक्टोबरपर्यंत ठरावीक उंचीवरचा ओझोन जवळपास संपलेला असतो, तेव्हा क्लोरीन थोडा घटल्याचा फरक दिसणार कसा? सप्टेंबरात ध्रुवावर ऊन परतलेलं असतं आणि नाश चालू असतो, त्याचा वेग कळतो. शास्त्रज्ञ सुझन सोलोमन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सुधारणेची खूण दाखवली ती याच महिन्यात.

आणि मोजणीला रटाळ म्हणू नकोस. ओझोन मोजणारं डॉब्सनचं उपकरण करतं काय, तर अतिनील किरणांच्या दोन तरंगलांबींची तुलना: एक ओझोन भरपूर शोषतो, दुसरी कमी. अंटार्क्टिकावरच्या ब्रिटिश हॅली तळावर हेच वर्षानुवर्षं चाललं, म्हणून १९८५ मध्ये तिथल्या नोंदींवर काम करणाऱ्या फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांना घट छातीठोकपणे सांगता आली. निंबस-७ उपग्रहालाही ते कमी आकडे दिसले होते, पण त्यांच्यावर 'संशयास्पद' अशी खूण पडली होती! पुढे सीएफसी-११चं उत्पादन कागदोपत्री संपलेलं असताना हवेतली त्याची घट मंदावल्याचं २०१८ मध्ये उघड झालं, तेही अशाच नेमाच्या नोंदींमुळे. माग पूर्व चीनपर्यंत लागला आणि नंतर ते उत्सर्जन उतरलं. सीएफसीला आळा घालणाऱ्या माँट्रियल कराराचं कौतुक सगळेच करतात; त्यावर पहारा ठेवणाऱ्यांची नावं मात्र कुणाला ठाऊक नसतात.

आता एक काम कर. नासाची छिद्राच्या क्षेत्रफळाची आकडेवारी सगळ्यांना खुली आहे. ओझोन २२० डॉब्सन एककांखाली (हे ओझोन मोजायचं माप) असलेला भाग म्हणजे छिद्र, हा त्यांचा निकष. १९७९ पासूनचा फक्त सप्टेंबरचा आलेख स्वतः काढ आणि मला पाठव. १९९५ची जागा रिकामी सापडेल, कारण त्या हंगामात मोजणारा उपग्रहच नव्हता. तिथे अंदाजाने रेघ ओढू नकोस, रिकामी ठेव.

तुझा,
सर