डिजिटल एक्स-रेचा दातांसाठी आणि इतर आजारांत नेमका उपयोग काय?

मी बीड जिल्ह्यात दातांची प्रॅक्टिस करतो. डिजिटलमध्येही किरण तेच, १८९५ साली रॉन्टगेनने शोधलेले. फक्त फिल्मच्या जागी सेन्सर असतो. दाताच्या एक्स-रेसाठी साधारण टपाल तिकिटाएवढ्या चपट्या सेन्सरला प्लास्टिकचं कव्हर घालून तो दाढेच्या आतल्या बाजूला धरायचा. बटण दाबलं की काही सेकंदांत चित्र स्क्रीनवर! धुणं नाही, वाळवणं नाही, आणि किरणांचा डोसही फिल्मपेक्षा कमी.

खरा फायदा रूट कॅनलमध्ये. सुई मुळाच्या टोकापर्यंत गेली का, हे पेशंट खुर्चीत असतानाच कळतं. मागे एका ऊसतोड मावशींची दाढ वरून धडधाकट दिसत होती, पण स्क्रीनवर मुळाच्या टोकाशी वाटाण्याएवढा काळा डाग. पू हाडात उतरला होता. तो डाग मी त्यांनाच मोठा करून दाखवला, तेव्हा कुठे त्या उपचाराला तयार झाल्या. फिल्मवर हे समजावणं फार अवघड जायचं.

इतरत्र हाड मोडणं, न्यूमोनिया, टीबी, स्तनांची मॅमोग्राफी, सगळीकडे हेच तंत्र. तालुक्यात काढलेला छातीचा एक्स-रे लातूर किंवा संभाजीनगरचे डॉक्टर लगेच बघू शकतात. मात्र स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नका, बारीक रेषा हरवतात. सेंटरकडून मूळ फाइलच मागून घ्या.

दिवस गेले असतील तर एक्स-रेआधी नक्की सांगा.