'डिफरेन्शियल सिग्नल'ला 'अवकल संकेत' म्हणावं का?

तुम्ही कुपवाड एमआयडीसीतल्या ट्रेनी पोरांसाठी मराठीत नोट्स करताय आणि विचारलंय की डेटा केबलच्या भागात 'डिफरेन्शियल सिग्नल'ला 'अवकल संकेत' आणि 'सिंगल एंडेड'ला 'एकटोकी' लिहिलं तर चालेल का. माझं मत विचाराल तर दोन्ही नको.

अवकलन गणितातलं, एखादी गोष्ट किती वेगाने बदलतेय ते काढायचं. इथं सरळ वजाबाकी आहे हो! यूएसबी २.० ची एखादी जुनी केबल सोलून बघा, लाल नि काळी पॉवरची, हिरवी नि पांढरी डेटाची. १२ एमबीपीएसच्या स्पीडला समजा हिरवीवर ३.३ व्होल्ट आणि पांढरीवर शून्य आहे, तेवढ्यात शेजारची मोटर चालू झाली आणि दोन्हींवर अर्ध्या व्होल्टचा नॉइज (बाहेरून घुसलेला नकोसा व्होल्टेज) चढला, तर झालं ३.८ आणि ०.५, पण फरक बघा, परत ३.३ च. समोरची चिप हा फरकच वाचते, आणि दोन्ही वायरी एकमेकींना पिळलेल्या असतात त्या याचसाठी, की नॉइज आला तर दोघींवर सारखाच यावा. म्हणून मी 'फरकाचा सिग्नल' लिहीन, पोरांना वाचल्या वाचल्या कळतं.

'एकटोकी'नं तर घोळच होईल, कारण वायरला टोकं दोनच असतात. मुद्दा असा की सिग्नलची वायर एकच आणि तिचा व्होल्टेज ग्राउंडच्या, म्हणजे शून्य धरलेल्या वायरच्या, हिशोबाने मोजायचा, मग ग्राउंडच हललं की वाचन चुकलं. जुन्या स्कझी बसवर (कॉम्प्युटरला हार्ड डिस्क वगैरे जोडायची सामायिक केबल) हे स्पष्ट दिसायचं, सिंगल एंडेडला केबल जास्तीत जास्त ६ मीटर आणि डिफरेन्शियलला २५. कारखान्यात मशिनं जोडायला चालणारं आरएस-४८५ हे स्टँडर्ड तर फरकावरच १२०० मीटरपर्यंत जातं. तेव्हा इथं 'ग्राउंडच्या हिशोबाचा सिग्नल' लिहा, लांब आहे पण खरं आहे.

यूएसबीत १२ एमबीपीएसच्या स्पीडला मात्र पॅकेट (डेटाचा एक गठ्ठा) संपलं हे सांगायला दोन्ही डेटा वायरी एकदम खाली आणतात, त्याला 'सिंगल एंडेड झिरो' म्हणतात, ते नाव आहे तसंच ठेवा.

आणि मूळ शब्द नोट्समधून काढू मात्र नका. स्कझीचे दोन्ही प्रकारचे कनेक्टर दिसायला सारखेच, जुनं हाय व्होल्टेज डिफरेन्शियल डिव्हाइस सिंगल एंडेड बसला जोडलं तर चिप जळू शकते, आणि पोरगा ओळखणार ते मागच्या 'डिफ' या खुणेवरूनच.