संकल्प सांगितला, हिशेब कोणाला द्यायचा?

प्रश्न : लग्नामुळे सुटलेले शिक्षण पूर्ण करावे म्हणून मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला प्रवेश घेतला. पहिले वर्ष पार पडले, दुसऱ्या वर्षाची परीक्षा मात्र मी दिलीच नाही. प्रवेश घेतल्याचे माहेरी-सासरी सगळ्यांना कळवले होते आणि कौतुकही भरपूर झाले होते. आता एखाद्या कार्यात कोणी ‘कुठवर आलं शिक्षण?’ असे विचारले की मी विषय बदलते. यजमान रोज रात्री ‘आज वाचलंस का?’ असे विचारतात आणि त्यावरून आमचे खटके उडतात. मी अनेक वर्षे बचत गटात आहे आणि तिथे माझा एकही हप्ता चुकलेला नाही. मग अभ्यासातच माझी जिद्द का कमी पडते?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुमची जिद्द कमी पडत असती, तर बचत गटाचे हप्तेही चुकले असते. जी बाई घरखर्चातून पैसे बाजूला काढून वर्षानुवर्षे ठरल्या दिवशी भरते, तिच्या स्वभावात चिकाटी नाही असे म्हणताच येणार नाही. म्हणून दोष स्वभावात न शोधता, गटात जी व्यवस्था आहे आणि अभ्यासात नाही, ती कोणती हे पाहू.

तुमच्या गटाची बैठक डोळ्यांसमोर आणा. दहा ते वीस जणी ठरल्या दिवशी गोल करून बसतात, हजेरी होते, प्रत्येकीचे नाव पुकारले जाते, ती सर्वांसमोर पैसे ठेवते, नोंदवहीत आणि तिच्या पासबुकात रक्कम लिहिली जाते. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेबलेखन ही पंचसूत्री प्रत्येक गटाला पाठ असते. नाबार्ड या शेती व ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला, तेव्हापासून कर्ज देण्यापूर्वी याच वह्या पाहिल्या जातात. त्या बैठकीत ‘तू किती श्रीमंत झालीस?’ असे कोणी कधी विचारत नाही. ‘हप्ता आणलास का?’ एवढेच विचारले जाते आणि त्याचे उत्तर देणे पूर्णपणे तुमच्या हातात असते. शिवाय तुमच्या पैशांतून दुसरीच्या मुलाची फी भरली जाणार असते, त्यामुळे तुमचे चुकणे तुमच्यापुरते राहत नाही.

अभ्यासाच्या बाबतीत यातले काहीच नाही. नातेवाईक विचारतात ते पदवीबद्दल, आणि पदवी आज संध्याकाळी तुमच्या हातात नसते. यजमान रोज विचारतात, पण किती वाचले म्हणजे ‘वाचले’ हे दोघांनी कधी ठरवलेलेच नाही. त्यामुळे त्यांची चौकशी तुम्हाला जाब विचारल्यासारखी वाटते. पती-पत्नींनी एकमेकांच्या संकल्पांवर देखरेख करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या नात्यात स्वयंपाकापासून मुलांच्या आजारपणापर्यंत शंभर हिशेब आधीच चालू असतात, त्यात आणखी एका हिशेबाची भर पडली की कोणताच हिशेब निर्मळ राहत नाही.

सगळ्यांना सांगून टाकले की आपोआप बंधन येईल, असे आपल्याला वाटते. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग वेगळेच सांगतात. चांगले वकील होण्याची मनापासून इच्छा असलेल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या संकल्पाची दुसऱ्या कोणी दखल घेतली, त्यांनी त्या दिशेचे काम तुलनेने कमी केले. कारण कौतुकातूनच ध्येयाच्या जवळ पोहोचल्याचे समाधान मिळते. उलट २०१६ मध्ये १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात प्रगतीवर नियमित लक्ष ठेवल्याने ध्येय गाठायला मदत होते, आणि ती प्रगती लिहून ठेवली किंवा इतरांना कळवली तर परिणाम अधिक होतो, असे आढळले. हे दोन निष्कर्ष एकमेकांच्या विरोधात नाहीत. पहिल्यात लोकांना कळतो तो संकल्प आणि दुसऱ्यात कळते ते झालेले काम. तुम्ही नातेवाइकांना संकल्प सांगितलात. झालेल्या कामाचा हिशेब मात्र आजवर कोणालाच दिला नाही.

तो देण्यासाठी एकच व्यक्ती निवडा. तुमच्या अभ्यासकेंद्रात तुमच्याच वर्गाची, परीक्षा राहिलेली दुसरी एखादी विद्यार्थिनी मिळाली तर सर्वांत उत्तम, कारण तीही तुम्हाला हिशेब देईल. आठवड्यातला एक वार आणि वेळ पक्की करा. रोजचा हिशेब जाचक होतो, महिन्याचा फार उशिरा येतो. ‘अभ्यास करीन’ असे न म्हणता ‘इतिहासाचे एक प्रकरण वाचून मागच्या प्रश्नपत्रिकेतील दोन प्रश्नांची उत्तरे लिहीन’ असे ठरवा आणि भेटीत ती लिहिलेली पाने दाखवा. वाचले की नाही हे तोंडी सांगण्यात पळवाट असते, पान समोर ठेवण्यात नसते. एखाद्या आठवड्यात काम झाले नाही, तर ‘झाले नाही’ एवढेच सांगून पुढच्या आठवड्याचे काम वहीत लिहा. कारणांची चर्चा सुरू झाली की भेट नकोशी होते आणि मग ती टळू लागते. काम सलग दोनदा राहिले, तर ते निम्मे करा. भेट मात्र रद्द करू नका.

यजमानांना रोजची चौकशी थांबवण्याची विनंती करा आणि त्याऐवजी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी स्वयंपाकघराची जबाबदारी घ्यायला सांगा. त्यांना तुमच्या शिक्षणाची काळजी आहे, हे तुमच्या पत्रातूनही जाणवते, आणि तुम्हाला खरी गरज मोकळ्या वेळेची आहे. नोंदणीची मुदत शिल्लक आहे का, हे मात्र याच आठवड्यात केंद्रावर जाऊन विचारा.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र पुण्यात एका खोलीत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. अभ्यास बुडाला की दंड द्यायचा असे ठरवले होते, पण काही दिवसांतच सगळे एकमेकांना माफ करू लागलो. दंडाचा उपयोग होतच नाही का?
– एक परीक्षार्थी

उत्तर : होतो, पण तो माफ करण्याची सोय नसेल तर. फिलिपिन्समध्ये धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांना बँकेत स्वतःचे पैसे ठेवण्याची एक योजना देण्यात आली होती. सहा महिन्यांनंतरच्या लघवीच्या तपासणीत निकोटिन सापडले, तर ते पैसे कायमचे जात. ज्यांना ही संधी दिली गेली, त्यांच्यात तपासणी उत्तीर्ण होणारे इतरांपेक्षा दर शंभरामागे सुमारे तिघे जास्त होते. फरक माफक आहे, आणि योजना स्वीकारणारेही १०० पैकी ११ च निघाले. पण जे उतरले, त्यांना मध्येच बँकेची समजूत काढता येत नव्हती.

तुमच्या खोलीत दंड मागणारा आणि देणारा दोघेही मित्र आहेत, आणि उद्या आपली पाळी येणार हे मागणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून महिन्याच्या सुरुवातीलाच रक्कम खोलीबाहेरच्या एखाद्या विश्वासू व्यक्तीकडे, उदाहरणार्थ अभ्यासिका चालवणाऱ्यांकडे, जमा करा. आजारपण आणि घरची अडचण यांची सूट आधीच लिहून ठेवा. दंड अभ्यासिकेतल्या हजेरीवर किंवा सोडवलेल्या सराव प्रश्नपत्रिकेवर लावा, तिच्यातल्या गुणांवर नको. आणि रक्कम चौघांपैकी ज्याला घरून सर्वांत कमी पैसे येतात त्याला पेलेल इतकीच ठेवा.