माझा नवरा समलिंगी असेल का, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. लग्नाला चार वर्षं झाली, घर रत्नागिरीकडचं, एकत्र कुटुंब. नवरा स्वभावानं चांगला, दारू नाही, मारहाण नाही, पण वर्षातून एखाद-दोन वेळा सोडलं तर जवळ येत नाही. एका मित्राशी तासन्तास फोन चालतो. मध्यंतरी नवऱ्याच्या मोबाइलमध्ये पुरुषांनी पुरुषांशी ओळख करून घ्यायचं ॲप दिसलं आणि तेव्हापासून तुमची झोप उडाली. सासूबाई म्हणतात, एक मूल झालं की सगळं मार्गी लागेल. आणि हे असलं विचारायचीही लाज वाटते.

लाजेचं आधी. दापोलीजवळच्या मुरुडच्या कर्व्यांच्या घरातले र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं द्यायचे. समलिंगी संबंधांवरही लिहायचे. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, १९३४ साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, आणि कर्वे हरले. त्याला नव्वद वर्षं होऊन गेली. तुम्ही निर्धास्त विचारा.

आता मूळ प्रश्न. बाहेरून ओळखता येत नाही. त्यांनाच विचारावं लागतं, आणि 'हो' म्हणणं त्यांना परवडेल अशा बेतानं विचारावं लागतं. मी वेंगुर्ल्याकडची. याच वाटेनं गेलेय, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

लोक ज्यांना खुणा म्हणतात त्या सोडून द्या. आवाज मऊ आहे, स्वयंपाकघरात लुडबुडतो, आरशासमोर फार वेळ उभा राहतो, यातून काही ठरत नाही. आमच्याकडे दशावतारात स्त्री पार्ट करणारे पुरुष रात्रभर शालू नेसून नाचतात, समोर बसलेल्या बायका त्यांची साडी बघत राहतात, आणि सकाळी तोच माणूस माडांना पाणी लावत असतो, घरी बायको-पोरं. उलट अख्खी वाडी ज्याच्या मिशीला वचकून असते, त्याच्या मनात काय आहे हे त्याच्या बायकोला तरी कुठे माहीत असतं?

जवळ न येणं हीसुद्धा खात्रीची खूण नाही. मधुमेह, रक्तदाबाच्या काही गोळ्या, नैराश्य, नैराश्यावरच्याच काही गोळ्या, थायरॉइड, डोक्यावरचं कर्ज, यातलं काहीही पुरतं. काहींना शरीरसंबंधाची ओढच नसते. काहींना बाई आणि पुरुष दोघांचीही असते. आणि पडवीला प्लायवूड मारून काढलेल्या खोलीत, पलीकडे सासरे खोकत असताना, भल्याभल्यांची इच्छा मरते.

ॲपचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ते चुकून मोबाइलमध्ये येत नाही. पण ते नुसतं बघतात, कुणाशी बोलतात, की भेटतात, हे त्यावरून कळत नाही. तो मित्र नुसता मित्रही असू शकतो. दिसलं ते दिसलं, आता रोज रात्री फोन हुडकत बसू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवले की ते एक दिवस दिराच्या नाहीतर तुमच्या भावाच्या हातात पडतात, आणि मग जे दोघांत बोलायचं ते भावकीच्या बैठकीत निघतं. तिथे कुणीही खरं बोलत नाही.

माझ्या वेळी ॲप वगैरे नव्हतं. नवरा काजूच्या कारखान्यात हिशेब बघायचा. मला ताप आला तर बांगडे स्वतः साफ करून, तिरफळं घालून आमटी करून वाढणारा माणूस. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस. रात्री मात्र दिवा मालवायच्या आधीच भिंतीकडे तोंड. सासूबाई 'काय गो, अजून कायच नाय?' एवढ्यावर थांबल्या नाहीत, मला देवळात कौल लावायला घेऊन गेल्या. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, कौल उजवा पडला, आणि परत येताना त्या इतक्या खूश होत्या की मला त्यांचीच कणव आली. देवीला विचारून झालं, डॉक्टरांना विचारून झालं (तपासण्या सगळ्या माझ्या, त्याची एकही नाही). त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मी विचारलं ते सागरेश्वरच्या किनाऱ्यावर. घरात जमण्यासारखं नव्हतं. आमच्या कौलारू घरात मधल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, इकडची कुजबुज तिकडे ऐकू जाते. मी त्याला म्हटलं की तुम्हाला बाईची ओढ नसेल तर तो तुमचा गुन्हा नाही, मी कुणाकडे बोलणार नाही, पण मला कळायला हवं, कारण वय माझंही चाललंय. तो उठला, मोटरसायकलला किल्ली लावली, फिरवली, बंद केली, परत फिरवली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, 'तुका कोणी सांगल्यान?'

'नाही' असं तो म्हणाला नाही. पुढचं हळूहळू निघालं. त्याला कॉलेजपासून कळत होतं, आणि लग्न झालं की हे जातं असं घरातल्याच एका वडीलधाऱ्यानं त्याला पटवलं होतं. आम्ही परस्पर संमतीनं वेगळे झालो. गावात 'पटत नव्हतं' एवढंच सांगितलं. लोकांनी दोष माझ्या कुशीला दिला, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. लोकांवरचा राग म्हणतेय. त्याच्यावरचा गेला, पण बऱ्याच वर्षांनी.

तेव्हा विचारायचं कसं? घराबाहेर, दोघंच असताना, घाईच्या दिवशी नाही. 'तुम्ही तसले आहात का' असं नको. काय दिसलं ते सरळ सांगा: ॲप दिसलं, आपल्यात काही होत नाही, मला त्रास होतोय. मग तुम्ही काय करणार नाही ते सांगा: आईला सांगणार नाही, माहेरी सांगणार नाही. पण पाळता येईल तेवढाच शब्द द्या. 'काहीही असलं तरी मी सोडून जाणार नाही' असं म्हणून बसू नका, ते तुम्हाला आत्ता ठाऊकच नाही. ते साफ नाही म्हणाले तर वाद घालू नका. म्हणा, बरं, मग दुसरं काही असेल, दोघंही डॉक्टरांकडे जाऊ, आणि तारीख तिथेच ठरवा. खरंच दुसरं काही असेल तर तिथे निघेल. नसेल तर ती तारीख ते पुन्हा पुन्हा पुढे ढकलतील, आणि त्यावरून तुम्हाला बरंच कळेल.

ते अंगावर आले तर बोलणं तिथेच थांबवा आणि तिथून निघा. महिलांसाठी १८१ हा नंबर आहे. ते कोसळले, जगण्यात अर्थ नाही अशा भाषेत बोलायला लागले, तर त्यांना एकटं सोडू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, १४४१६, दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत. त्यांना सांभाळायचा मक्ता तुम्ही घेतलाय असं मी म्हणत नाही, पण त्या रात्री जवळ तुम्हीच असणार. मुंबईतला हमसफर ट्रस्ट १९९४ पासून समलिंगी लोकांसाठी काम करतो. नवऱ्यानं मान्य केलं तर तिथलं नाव त्यांना सुचवा, म्हणजे सगळं ओझं तुमच्या एकटीवर येणार नाही.

पोलिसांची धमकी देऊ नका. ६ सप्टेंबर २०१८ पासून दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं ठेवलेले समलिंगी संबंध आपल्या देशात गुन्हा नाहीत. 'बरं करायला' देवरुषाकडे किंवा कुठल्या डॉक्टरकडेही नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि ती बदलण्याचे उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगितलंय. तरी माणसं मुकाट लग्नाला उभी राहतात. दोन पुरुषांच्या लग्नाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये नकार दिला, आणि गावात तिशी उलटलेला बिनलग्नाचा मुलगा म्हणजे चुलत्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांचा विषय. हे सगळं मला समजतं. पण तुम्हाला न सांगता तुमच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं असेल, तर फसवणूक ती फसवणूकच.

आता तुमचं. उत्तराची वाट न बघता दोन गोष्टी करून टाका. वर्षातून एकदा का होईना, संबंध आलाय, तर एचआयव्हीची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात ती फुकट होते आणि गुप्त ठेवतात. कावीळ ब आणि गुप्तरोगांचंही तिथेच विचारा. आपल्या तालुक्यात केंद्रावरची बाई कुणाची तरी मावशी निघतेच, तेव्हा दुसऱ्या तालुक्यात जा. संबंध अलीकडचा असेल तर तीन महिन्यांनी परत करा. पुरुष समलिंगी आहे म्हणून त्याला रोग आहे असं नव्हे. बाहेर कुणाशीही, बाईशीसुद्धा, संबंध असण्याची शंका असती तरी मी हेच सांगितलं असतं. दुसरं, स्वतःच्या नावाचं बँक खातं, आणि दागिने कुठल्या कपाटात आहेत ते डोक्यात असू द्या.

कायद्याचं जुजबी सांगते, आणि तेही हिंदू विवाह कायद्याचं. मुसलमान किंवा ख्रिश्चन असाल तर तुमचे नियम वेगळे. दोघांची तयारी असेल तर कलम १३-ब, परस्पर संमतीनं घटस्फोट. त्याआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतरचे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलंय. लग्न ठरताना महत्त्वाची गोष्ट लपवली म्हणून लग्नच रद्द करून मागता येतं, पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत, आणि कळल्यानंतर तुम्ही आपखुशीनं त्यांच्याबरोबर संसार चालू ठेवला नसेल तरच. बऱ्याच बायका इथेच अडकतात, कळल्यावरही 'बघू' म्हणत दोन गणपती जातात. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे मिळकत न बघता मोफत वकील मिळतो. वेगळं व्हा असं मी म्हणत नाहीये. सगळं माहीत असून, दोघांनी मिळून ठरवून एकत्र राहणारी जोडपीही असतात. तिथे दोघांनाही माहीत असतं, एवढंच बघा.

सासूबाईंचा मुलाचा सल्ला सध्या ऐकू नका. त्या वाईट बुद्धीनं बोलत नसतील, त्यांना तेवढंच औषध माहीत आहे. पण मूल झाल्यानं नवऱ्याची ओढ बदलत नाही, फक्त तुमचा पाय निघणं अवघड होतं, आणि त्यांचंही खरं बोलणं. उत्तर मिळेपर्यंत गर्भनिरोधक तुमच्या हातात राहू द्या. गावच्या आशा आरोग्य सेविकेकडे मागायला संकोच वाटला तर सरळ मेडिकलमधून घ्या, तेही जरा लांबच्या.

आणि विचाराल तेव्हा चतुर्थीचे दिवस टाळा. मुंबईची माणसं आलेली, ओटीवर भजन, चुलीवर सारखी कसली तरी उकड चढलेली, तुम्हाला धड दहा मिनिटं मोकळी मिळायची नाहीत आणि त्यांना घराबाहेर पडायला निमित्त. विसर्जन होऊन पाहुणे गाडीत बसले की मग बोला.