‘जपानी कोरा चहा’ म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की जपानहून आणलेल्या एका पाकिटावर इंग्रजीत ‘जपानीज ब्लॅक टी’ छापलंय, त्याचं मराठी करताना ‘जपानी कोरा चहा’ लिहिलं तर चालेल का, आणि त्यात दूध घालायचं की नाही. दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेत म्हणून एकत्रच लिहितो.

‘कोरा’ नको. कोरा चहा म्हणजे बिनदुधाचा, एवढंच. ग्रीन टी पण बिनदुधाचाच पितात पण त्याला कोणी कोरा म्हणत नाही, कारण कोरा म्हणताना ‘दूध घालता आलं असतं पण घातलं नाही’ असं कुठेतरी आत गृहीत असतं. ब्लॅक टी हे मात्र पत्तीच्या जातीचं नाव आहे. पान खुडून कोमेजू द्यायचं, मग चुरगाळून हवेत ठेवायचं, कापलेलं सफरचंद कसं तपकिरी पडतं तसंच ते पान पडतं, आणि मग वाळवायचं. त्या हिशोबाने टपरीवरचं दूध, साखर, आलं घातलेलं कटिंगसुद्धा जातीने ब्लॅक टीच! आपण नुसतं ‘चहा’ म्हटलं की हाच असतो, त्यामुळे मराठीला वेगळा शब्द लागलाच नाही. (मराठीत याला ‘आंबवलेला’ लिहितात ते पण खटकतं, इथे इडलीच्या पिठासारखं जिवाणूंचं काम नसतं, पानातलीच एन्झाइम्स काम करतात. अर्थात जपानीतही सवयीने आंबवण्याचाच शब्द वापरतात, तेव्हा फार भांडणार नाही.)

मग ‘काळा चहा’? खरी गंमत इथे आहे. जपानीत याला म्हणतात ‘कोचा’, को म्हणजे किरमिजी लाल. इंग्रजांनी वाळलेल्या पत्तीचा रंग पाहिला आणि चीन-जपानने कपातल्या पाण्याचा. आसामातही बिनदुधाच्या चहाला ‘रङा चाह’ म्हणजे लाल चहाच म्हणतात आणि बंगालीत ‘लाल चा’. आणि जपानीत शब्दशः ‘काळा चहा’ म्हणजे ‘कुरोचा’ हा वेगळाच प्रकार आहे, तो खरोखर जिवाणू-बुरशीने आंबवलेला, जपानच्या कोची प्रांतातला गोइशिचा घ्या ना, चव चक्क आंबट आणि पत्तीच्या चौकोनी वड्या पाडलेल्या. म्हणजे एखाद्या जपानी माणसाला ‘काळा चहा’ असं शब्दशः भाषांतर करून सांगितलं तर तो भलताच डबा काढेल.

उच्चाराबद्दल पण लिहितो कारण ते मला भारी आवडतं. ‘कोचा’तला को लांबवायचा, आणि चा हा ‘चाक’मधला चा नाही, ‘चार’ या आकड्यातला. जपानी लिपीत तो लिहितात कसा, तर ‘चि’ काढून त्याला छोटा ‘या’ जोडून. म्हणजे सरळ ‘च्या’. आपल्याकडे गावाकडे ‘च्या घ्या’ म्हणणाऱ्याला आपण हसतो, पण तो जपानी अक्षराच्या बरहुकूम बोलतोय.

जपानमध्येच पिकवलेल्या देशी कोचाला ‘वाकोचा’ म्हणतात, वा म्हणजे जपानी, वाग्यू बीफमधला वा तोच. आणखी एक शब्द ‘जिकोचा’, यातला जि म्हणजे जमीन, तिथल्या मातीतला. मी याचं मराठी बेधडक ‘गावरान’ करेन.

आता यात आपला धागा कुठे ते बघा. तादा मोतोकिची नावाचे एक माजी सामुराई होते, तेव्हाच्या जपानी (मेइजी) सरकारने त्यांना 1875 मध्ये चीनला आणि 1876 मध्ये भारतात पाठवलं, ब्लॅक टी कसा करतात ते शिकायला. दार्जिलिंग, आसाम फिरून ते बिया घेऊन परतले आणि जपानमधल्या शिझुओकाजवळच्या मारिकोत लावल्या. त्या आसामी बियांच्या वंशातून ‘बेनिहोमारे’ हे वाण आलं, 1953 ला नोंदलं गेलं, आणि पुढे त्याचा दार्जिलिंगच्या बियांपासून आलेल्या झाडाशी संकर करून ‘बेनिफूकी’. हा बेनि म्हणजे कोण? कोचातलं ‘को’चं अक्षर, तेच, फक्त दुसऱ्या वाचनाने! म्हणून नावात बेनि दिसलं की समजा ते वाण कोचासाठी काढलेलं. मधे 1971 ला ब्लॅक टीची आयात खुली झाली आणि हा देशी उद्योग जवळपास बसला, पुढे छोट्या शेतकऱ्यांनी पुन्हा उभा केला.

दुधाचं विचाराल तर मी पहिल्यांदा नेहमीसारखं आलं-साखर-दूध घालून खळखळ उकळला होता आणि लागला एकदम पुचाट, पाच मिनिटं स्वतःलाच शिव्या घातल्या. ही पत्ती आसामसारखी कडक नसते, बऱ्याच वेळा ग्रीन टीच्याच याबुकिता वाणाची असते, तुरटपणा कमी आणि मागे हलका गोडवा. तेव्हा उकळायची नाही, मुरवायची. साधारण तीन ग्रॅम पत्ती, त्यावर दीडशे-दोनशे मिली नुकतं उकळलेलं पाणी, झाकण, तीन मिनिटं, गाळा. पांढऱ्या कपात ओता म्हणजे कडेला तो लाल-केशरी रंग दिसतो आणि ‘को’ म्हणजे काय ते डोळ्यांनाच कळतं. पहिला कप बिनसाखरेचा घ्या. पाकिटावर बेनिफूकी लिहिलं असेल तर थोडं दूध सोसेल तो, याबुकिताला मात्र नका घालू.

तर पाकिटासाठी माझं मत: ‘वाकोचा’ असंच ठेवा आणि खाली बारीक अक्षरात ‘जपानी ब्लॅक टी’. नुसतं ‘जपानी चहा’ लिहिलंत तर लोक हिरवा समजतील. ‘लाल चहा’ मला मनापासून आवडला असता पण हल्ली दुकानात रुइबॉसला (दक्षिण आफ्रिकेतल्या एका वेगळ्याच झुडपाच्या पेयाला) पण रेड टी म्हणतात. ‘कोरा’ लिहायचाच असेल तर मागच्या बाजूला कृतीत लिहा, ‘कोराच प्या’ म्हणून, तिथे तो शब्द अगदी बरोबर बसेल.