वनस्पती तेलाचं अ‍ॅडिटिव्ह निवडताना

इंधनात किंवा ड्रिलिंगच्या द्रवात वंगण म्हणून मिसळायला, नुसतं पर्यावरणपूरक आहे म्हणून कुठलंही तेल उचलू नकोस, आधी त्यातली फॅटी अ‍ॅसिडं बघ. जवसाच्या तेलात लिनोलेनिक हे फॅटी अ‍ॅसिड भरपूर, त्यामुळे ते हवेत लवकर चिकट होतं; रंगाला उत्तम, वंगणाला नाही. एरंडेलातला हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) मात्र धातूला छान धरून राहतो.

सुरुवात डिझेलपासून कर. गंधक काढताना त्याची वंगणक्षमता घटते, आणि 1-2 टक्के बायोडिझेलनेही ती बरीच परत येते. एचएफआरआर चाचणीत (यात इंधनात बुडवलेल्या चकतीवर पोलादी गोळी वेगाने घासतात) झीजेचा व्रण कमी झालेला स्वतः बघ, मला अजूनही तो आनंद होतो! युरोपात या व्रणाची मर्यादा 460 मायक्रॉनची आहे.

ड्रिलिंग मडमध्ये, म्हणजे विहीर खोदताना वापरायच्या चिखलासारख्या द्रवात, जपून. चुना आणि उष्णता एकत्र आली की तेलातला एस्टर (अ‍ॅसिड आणि अल्कोहोलचा जोड) फुटतो, म्हणून नमुना आधी विहिरीच्या तापमानाला तापवून तपास.